वाटेवरचा संसार : कात्रजच्या घाटानें जाणाऱ्या मार्गस्थांच्या सोयरिकी

१

पुणें शहराच्या दक्षिणेस, साताऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवर, कात्रज हें गांव आहे. आज तें महानगराच्या पोटांत सामावून गेलें असलें तरी इतिहासाच्या अभ्यासकांस तें दोन कारणांनीं परिचित आहे. इ. स. १६६३ च्या एप्रिलांत शिवछत्रपतींनीं शाएस्तेखानावर छापा घातल्यावर, पाठलागास निघालेल्या मोंगली फौजेस चकविण्यासाठीं कात्रजच्या घाटांत बैलांच्या शिंगांस पलिते बांधून ते पेटविण्यांत आले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. दुसरें कारण पाण्याचें. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं येथें बांध घालून तलाव केला आणि त्याचें पाणी भुयारी नळानें, जागोजाग उसासे ठेवून, शहरांतील हौदांपर्यंत व शनिवारवाड्यापर्यंत नेलें.

ह्या दोन्ही गोष्टींविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ह्याच घाटानें शतकानुशतकें जे लोक गेले व आले, ज्यांचा पुण्यास वाडा नव्हता व साताऱ्यासही घर नव्हतें, त्यांच्याविषयीं फारसें कोणी लिहिलेलें नाहीं. मेंढरें घेऊन जाणारे धनगर, बैलांचे तांडे हांकणारे लमाण, गाढवांवर बिऱ्हाड लादून हिंडणारे कैकाडी, जडीबुटीची झोळी घेतलेले वैदू, डोंबाऱ्यांचे खेळ करणारे कोल्हाटी आणि अलीकडच्या काळांतील तमाशाचे फड, ह्या सर्वांस ही सडक व तिच्या आसपासच्या घाटवाटा ठाऊक होत्या. ह्यांच्यापैकीं कित्येकांस घर असें नव्हतेंच. वाट हेंच त्यांचें घर.

येथें एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधणें अवश्य वाटतें. पुण्यांत ‘वाडा’ म्हटलें म्हणजे दगडी जोतें, सागवानी खांब, चौक व दिंडीदरवाजा डोळ्यांपुढें उभा राहतो. धनगराच्या तोंडीं मात्र ‘वाडा’ म्हणजे मेंढरांचा फिरता तळ. चार-दोन कुटुंबें, त्यांचीं घोडीं, कुत्रीं व मेंढरें मिळून जें बिऱ्हाड आज ह्या शेतांत व उद्यां त्या शेतांत उतरतें, तो वाडा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कात्रजच्या वाटेवर एकमेकांस शतकानुशतकें भेटत आले आहेत. पहिल्या वाड्यांतील लग्नसंबंधांचीं साधनें आपल्या दप्तरांत विपुल आहेत. दुसऱ्या वाड्यांतील माणसांस आपला जन्माचा जोडीदार कोठें मिळाला, कसा मिळाला, व तो मिळवितांना त्यांस काय द्यावें लागलें, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. स्थायिक समाजानें भटक्यांवर जे आरोप वेळोवेळीं केले, त्यांत ‘ह्यांच्यांत लग्नाचा धरबंध नाहीं’ हा एक आरोप नेहमीं असे. पुढें ह्याच समजुतीच्या पायावर कायदा उभा राहिला व त्या कायद्यानें अनेक पिढ्यांचे संसार विसकटले. तेव्हां तो आरोप साधनांच्या कसोटीवर घासून पाहणें हें इतिहासाचें काम आहे.

२

प्रथम साधनांविषयीं. मार्गस्थ लोक कागद जतन करीत नाहींत. पाठीवर जेवढें मावेल तेवढेंच त्यांचें दप्तर. म्हणून येथें चार प्रकारच्या साधनांचा मेळ घालावा लागतो. पहिला प्रकार, बाहेरच्या प्रवाशांनीं लिहून ठेवलेलीं वर्णनें. दुसरा, त्यांच्यांतील जीं घराणीं राज्यकर्तीं झालीं त्यांचीं कागदपत्रें. तिसरा, त्यांच्या दैवतांच्या कथा व ओव्या. चौथा, अलीकडच्या काळांत त्यांच्यांतीलच लेखकांनीं लिहिलेलीं आत्मवृत्तें. ह्यांपैकीं दैवतकथांना पुरावा मानावें कीं नाहीं ह्याविषयीं मतभेद होईल. प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, कथा घडलेला प्रसंग सांगत नसली तरी प्रसंग कसा घडावा अशी सांगणाऱ्याची अपेक्षा असते तें निश्चित सांगते. आणि विवाहासारख्या विषयांत ती अपेक्षा हाच इतिहासाचा मोठा भाग असतो. जर्मन पंडित गुंथर सोंथायमर ह्यांनीं धनगरांच्या ओव्या ऐकून व टिपून विरोबा, म्हस्कोबा व खंडोबा ह्या दैवतांवर जो ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध केला, त्यानें ह्या साधनांचें मोल विद्वानांस पटवून दिलें आहे.

३

धनगरांपासून आरंभ करूं. फलटण, माण, खटाव, बारामती ह्या कमी पावसाच्या मुलुखांतील मेंढपाळ पावसाळा आपल्या गांवाकडे काढीत आणि दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडे निघत. सह्याद्रि ओलांडून कोंकणांत, किंवा घाटमाथ्याच्या अलीकडे भाताच्या खाचरांत, त्यांचे वाडे बसत. शेतकऱ्यास खत हवें, मेंढरांस चारा हवा. रात्रभर मेंढरें शेतांत बसविल्याबद्दल धनगरास धान्य मिळे. पावसाचीं चिन्हें दिसूं लागलीं कीं वाडा परत फिरे. वाटचालीची व्यवस्थाही ठरलेली असे. पुरुष मेंढरें चारीत आडरानानें जात. बायका घोड्यांवर सामान, कोंबड्या, लहान मुलें व नुकतीं जन्मलेलीं कोंकरें लादून सडकेनें पुढें जात व ठरल्या ठिकाणीं चूल मांडीत. म्हणजे नवरा एका वाटेनें व बायको दुसऱ्या वाटेनें, आणि सायंकाळीं गांठ. ज्या स्त्रीस घोडें लादतां येत नाहीं, अनोळखी गांवांत पाटलाशीं व शेतकऱ्याशीं बोलतां येत नाहीं, दिवसभर एकटीनें बिऱ्हाड सांभाळतां येत नाहीं, तिच्याशीं हा संसार होणें शक्य नाहीं. त्याचप्रमाणें ज्या पुरुषास कळपांतील प्रत्येक मेंढरूं ओळखतां येत नाहीं त्यास मुलगी कोण देणार?

अशा स्थितींत जोडीदार कोठून मिळे, ह्याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण होळकर घराण्याच्या इतिहासांत आहे. मल्हारराव होळकर इ. स. १६९३ त नीरेच्या कांठीं होळ येथें जन्मले. वडील लहानपणींच वारल्यामुळें आईनें त्यांस खानदेशांत तळोदें येथें आपले बंधु भोजराज बारगळ ह्यांच्याकडे नेलें. तेथें मल्हाररावांनीं मेंढरें राखलीं, पुढें कदमबांड्यांच्या पथकांत शिलेदारी केली, आणि मामाचीच कन्या गौतमाबाई ही त्यांची पत्नी झाली. आत्तेभावास मामाची मुलगी देण्याची चाल महाराष्ट्रांत अनेक जातींत आहे व तिचीं कारणें अनेक सांगितलीं जातात. परंतु फिरत्या समाजापुरतें तिचें एक कारण उघड दिसतें. ज्याचा तळ महिन्या-पंधरवड्यानें बदलतो त्यास अनोळखी घराण्याची चौकशी करण्यास सवड नसते. ओळख, विश्वास आणि कामाची पारख ह्या तीन गोष्टी एकाच ठिकाणीं जेथें सांपडतील तें स्थळ म्हणजे मामाचा वाडा. मल्हाररावांच्या बाबतींत तर मुलानें मुलीच्या बापाचींच मेंढरें राखलीं होतीं. त्यास निराळी परीक्षा देण्याचें कारणच नव्हतें.

ह्या संसाराचा पुढील अध्याय अधिक उद्बोधक आहे. मल्हारराव सरदार झाले, परंतु घरीं बसले नाहींत. मेंढरांची वाट सुटली आणि मोहिमांची वाट लागली. इ. स. १७३४ त बाजीरावांच्या काळीं गौतमाबाईंच्या नांवें खासगी जहागीर मिळाली. तिचें उत्पन्न २,९९,०१० रुपये सांगतात. दौलत व खासगी असे होळकरशाहीचे दोन भाग येथून पडले आणि खासगीवर घराण्यांतील स्त्रियांचा अधिकार पिढ्यानपिढ्या चालला. अहिल्याबाईंनीं देशभर जीं देवळें, घाट व धर्मशाळा बांधल्या त्यांचा आधार हीच खासगी. आपले इतिहासकार ह्या खासगीकडे महसुली व्यवस्था म्हणून पाहतात, आणि तें बरोबरही आहे. परंतु धनगरी वाड्याची रीत ज्यानें पाहिली आहे त्यास तींत ओळखीची गोष्ट दिसेल. जेथें पुरुष मेंढरांमागें आडरानांत असतो, तेथें सडकेवरचें बिऱ्हाड, धान्य व त्याचा हिशेब स्त्रीच्या हातीं असतो. मल्हाररावांच्या दौलतींत हीच वांटणी मोठ्या प्रमाणावर दिसते. ह्या दोहोंत कार्यकारणभाव सिद्ध करणारा कागद पुढें करतां येणार नाहीं. पण साम्य नजरेआड करण्यासारखें नाहीं.

अहिल्याबाईंचें लग्नही वाटेवरच ठरलें, अशी परंपरा आहे. मल्हारराव पुण्याकडे जात असतां चोंडी येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, मुक्कामास उतरले; तेथील देवळांत माणकोजी शिंद्यांची आठ वर्षांची मुलगी त्यांच्या दृष्टीस पडली, आणि तिला त्यांनीं आपल्या मुलासाठीं, खंडेरावांसाठीं, मागणी घातली. विवाह इ. स. १७३३ त झाला. ह्या कथेचा तपशील कोणास पारखून घ्यावासा वाटला तर घ्यावा. परंतु मुक्कामावर सून शोधणें ही कल्पना सांगणाऱ्यांस स्वाभाविक वाटली, हें त्यावरून निश्चित होतें.

४

आतां दैवतकथेकडे वळूं. कात्रजवरून कोंढव्याकडे वळून बोपदेव घाटानें सासवडास, व तेथून जेजुरीस जातां येतें. जेजुरीच्या खंडोबास दोन बायका प्रसिद्ध आहेत. पहिली म्हाळसा, ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची कन्या. तिचें लग्न रीतसर, साताऱ्याकडील पाल येथें लागलें असें मानतात, आणि पौष महिन्यांत तेथें तो सोहळा अजून होतो. दुसरी बाणाई, ही धनगराची लेक. तिच्या लग्नाची कथा अगदीं निराळ्या वळणाची आहे.

कथेचे पाठ अनेक आहेत. त्यांतील समान भाग येवढा. खंडोबा बाणाईवर लुब्ध झाला. म्हाळसेशीं सारीपाट खेळतां खेळतां पण लागला, देव हरला आणि बारा वर्षांचा वनवास पत्करून घर सोडून निघाला. तो चंदनपुरास, बाणाईच्या बापाच्या वाड्यावर, अनोळखी माणसाच्या रूपांत गेला व चाकरीस राहिला. मेंढरें राखलीं, शेण-लेंड्या काढल्या, बोलणीं खाल्लीं. पुढें मेंढरें नदीवर धुण्यास नेलीं असतां त्यानें तीं दगडावर आपटून मारलीं; हाहाकार झाला; आणि मुलगी देण्याचें वचन मिळाल्यावर भंडारा उधळून त्यानें सर्व मेंढरें जिवंत केलीं. मग बाणाईस घेऊन तो जेजुरीस आला. म्हाळसेनें गडावर जागा दिली नाहीं. म्हणून बाणाईचें देऊळ आजही पायऱ्यांच्या अर्ध्या वाटेवर आहे. दोन सवतींचें भांडण वाघ्यामुरळी व धनगर आजवर गात आले आहेत.

ह्या कथेंत तीन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, वाटेवरच्या मुलीशीं संबंध जोडावयाचा तर आपलें घर सोडून तिच्या वाटेवर जावें लागतें. देवासही त्यांतून सुटका नाहीं. दुसरी ही कीं, रूप, कुळ व संपत्ति ह्यांस वाड्यावर किंमत नाहीं. मेंढरें मारणाऱ्यास शिव्या व जगविणाऱ्यास मुलगी, हा तेथील न्याय. खंडोबानें आपलें देवपण सांगितलें नाहीं, काम करून दाखविलें. तिसरी गोष्ट सर्वांत मार्मिक आहे. एवढें करूनही बाणाईस गडावर जागा मिळाली नाहीं. ती अर्ध्या वाटेवरच राहिली. गडावरील घर व वाटेवरचें प्रेम ह्यांची सांगड घालतां घालतां देवही थकला, आणि ज्या लोकांनीं ही कथा रचली त्यांनीं तिचा शेवट गोड करण्याचा प्रयत्न केला नाहीं. त्यांस खरी स्थिति ठाऊक होती.

५

लमाणांची स्थिति ह्याहून निराळी. धनगराच्या वाड्यांत चार कुटुंबें, तर लमाणांच्या तांड्यांत हजारों बैल. इंग्रज प्रवासी पीटर मंडी ह्यास इ. स. १६३२ त उत्तर हिंदुस्थानांत धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. हे लोक बायकामुलें व सर्व संसार बरोबर घेऊन चालतात, असें त्यानें नमूद केलें आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये ह्यानेंही सतराव्या शतकांत हेंच पाहिलें. धान्य, तांदूळ, डाळी व मीठ ह्यांपैकीं एकेक माल वाहणारे त्यांचे चार वर्ग होते व ते घरांत न राहतां तंबूंतच आयुष्य काढीत, असें तो सांगतो. मोंगली फौजांस, मराठ्यांच्या फौजांस आणि १८०३ च्या युद्धांत वेलस्लीच्या फौजेसही ह्याच लोकांनीं धान्य पुरविलें.

एवढा मोठा समुदाय बरोबर असतां जोडीदाराची अडचण कशाची, असें वाटेल. अडचण होती ती अशी. लमाणांत राठोड, पवार, चव्हाण, जाधव इत्यादि कुळें असून एका गोतांत लग्न होत नाहीं. आणि तांडा पुष्कळदां एका नायकाच्या भाऊबंदांचाच असे. ज्या मुलींबरोबर लहानपणापासून बैल हांकले त्या सर्व बहिणी. म्हणजे गर्दींत राहूनही तरुणास आपल्या तांड्यांत जोडीदार नाहीं. तो दुसऱ्या तांड्यांत, आणि तो तांडा दुसऱ्या वाटेवर. दोन वाटा एकत्र येत त्या पावसाळ्यांत, जेव्हां नद्या भरतात, वाटा चिखलांत बुडतात आणि बैलांस विसांवा द्यावा लागतो. वर्षाचे आठ महिने चालण्याचे. सोयरिकी, मानपान व न्यायनिवाडे ह्यांस सवड काय ती मुक्कामाच्या दिवसांत. सगाई दोन्ही तांड्यांचे नायक व पंच ह्यांच्यासमक्ष होई, आणि नवरदेव कांहीं काळ मुलीच्या तांड्यांत येऊन राही, अशीही चाल होती. तिचा हेतु उघड आहे. पुढें वर्षानुवर्षें गांठ पडेल न पडेल. तेव्हां मुलगा कसा आहे तें डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

निरोपाचा विधि ह्या सर्वाहून अर्थपूर्ण आहे. नवरी सासरीं निघतांना जें रडगाणें गाते त्यास ढावलो म्हणतात. वडीलधाऱ्या बायका तें मुलीस आधीं शिकवितात. आणि अखेरचा निरोप ती सजविलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून, हात उंचावून देते. त्यास हवेली म्हणतात. गांवांतील मुलगी उंबरठा ओलांडून जाते. लमाणाच्या मुलीस ओलांडावयास उंबरठा नाहीं. जो बैल तिच्या बापाचें घर वाहत होता, त्याच्याच पाठीवर चढून ती त्या घराचा निरोप घेते. सासर व माहेर ह्यांमधील अंतर आपल्या ओव्यांतून कोसांनीं मोजलेलें असतें. हिचें माहेर मात्र पुढल्या वर्षीं कोठें असेल हें बापासही सांगतां येत नसे. ढावलोंतील आर्ततेचें कारण येथें सांपडतें.

बोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली, पक्क्या सडकांवर गाड्या धांवूं लागल्या, आणि बैलावरील वाहतूक बसली. तांडे शिवारांच्या कडेस स्थिरावले. पण ‘तांडा’ हें नांव वस्तीस राहिलें, आणि ढावलोही राहिला.

६

धनगरांस मामाचा वाडा, लमाणांस पावसाळ्याचा तळ. परंतु वैदू, कैकाडी, कोल्हाटी, बेलदार, वडार, गोपाळ अशा ज्या लहान लहान टोळ्या, त्यांस काय? दोन-चार बिऱ्हाडें एकत्र हिंडणार. आपल्या जातीचें दुसरें माणूस महिनोन्महिने दृष्टीस पडणार नाहीं. ह्यांनीं जी युक्ति योजिली ती अशी : माणूस कोठें भेटेल हें ठरवितां येत नाहीं, पण दिवस व देव ठरवितां येतो.

जेजुरीस पौषी पौर्णिमेस गाढवांचा मोठा बाजार भरतो. पाथर्डी तालुक्यांत मढी येथें कानिफनाथांची समाधि आहे. तेथें होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा असते, रंगपंचमीस तिला भर येतो, आणि तेथेंही गाढवांचा बाजार भरतो. बाहेरच्या माणसास ह्या यात्रा म्हणजे गाढवें व गर्दी. पण भटक्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर बाजार, न्यायालय व वधूवरांची भेट हीं तिन्ही येथें एकाच मुक्कामावर उरकतात. गाढव विकत घ्यावयाचें तें पुढल्या वाटचालीसाठीं, आणि सोयरीक जोडावयाची तीही पुढल्या वाटचालीसाठींच. जातपंचायती येथें बसत. वर्षाचीं भांडणें, दंड, काडीमोड, देणींघेणीं व नवीं लग्नें ह्यांचा निकाल तेथें होई. ज्यांस तार नाहीं, टपाल नाहीं, ज्यांचा पत्ता म्हणून कांहीं नाहीं, अशा लोकांनीं शेंकडों कोसांवर विखुरलेल्या आपल्या माणसांस वर्षांतून एकदां नेमकें भेटण्याची ही योजना केली. पंचांगांतील एक तिथि हाच त्यांचा पत्ता.

ह्यावरून आरंभीं सांगितलेल्या आरोपाचा निकाल लागतो. ह्या लोकांत लग्नाचा धरबंध नव्हता असें नाहीं; उलट तो स्थायिकांहून कडक होता. ज्याच्यापाशीं जमीन नाहीं, कागद नाहीं, गांवाची साक्ष नाहीं, त्याच्या लग्नास साक्षी म्हणून आपली जात तेवढी उरते. म्हणून पंचायतीचा अधिकार अपार झाला. आणि येथेंच ह्या व्यवस्थेची दुसरी बाजू आरंभ पावते. जी पंचायत संसार उभा करी तीच तो मोडूंही शके. वाळीत टाकलेल्या शेतकऱ्यास निदान आपलें शेत राही. वाळीत टाकलेल्या भटक्यास वाटेवर सोबतही उरत नसे. ज्या स्त्रीपुरुषांचें मन जातीबाहेर जडलें त्यांनीं काय भोगलें असेल, ह्याची कल्पना करावी.

७

ह्या नाजूक रचनेवर इंग्रजी कायद्याचा घाला पडला. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालीं प्रथम उत्तरेकडे लागू झाला व १९११ सालीं त्याचा अंमल मुंबई इलाख्यापर्यंत आला. एखादी जमात सरकारी जाहिरातीनें गुन्हेगार ठरली म्हणजे तींतील मूल जन्मतःच गुन्हेगार. हजेरी द्यावयाची, परवान्यावांचून हद्द सोडावयाची नाहीं, आणि पुष्कळांस तर तारेच्या कुंपणाच्या आंत वसाहतींत राहावयाचें. सोलापूरची अशी वसाहत प्रसिद्ध आहे.

ह्या कायद्याची चर्चा पोलीस, चोऱ्या व सुधारणा ह्यांच्या अनुषंगानें पुष्कळ झाली आहे. परंतु वर वर्णिलेली व्यवस्था ध्यानांत घेतली म्हणजे त्याचा निराळाच परिणाम दिसतो. ज्यांचीं लग्नें चालण्यावर व ठरल्या तिथीस ठरल्या ठिकाणीं पोंचण्यावर अवलंबून, त्यांचें चालणेंच गुन्हा ठरलें. यात्रेस जावयाचें तर परवाना, सोयऱ्याच्या मुक्कामास जावयाचें तर परवाना. आणि तो देणारा अधिकारी सोयरीक म्हणजे काय हें जाणणारा असेलच असें नाहीं. ‘ह्यांच्यांत धरबंध नाहीं’ असें ज्यांनीं म्हटलें त्यांनींच धरबंधाचें साधन काढून घेतलें. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला आणि ह्या जमातींस ‘विमुक्त’ हें नांव मिळालें. तो दिवस त्यांच्यांत मुक्तिदिन म्हणून पाळला जातो.

८

आतांपर्यंत एकाच जातीच्या, एकाच वाटेवरच्या माणसांचा विचार झाला. दोन निराळ्या वाटांवरचीं माणसें एकत्र आलीं तर काय होतें, ह्याचीं दोन उदाहरणें पाहूं. दोन्ही ह्याच साताऱ्याच्या बाजूचीं आहेत.

पहिलें उदाहरण पठ्ठे बापूरावांचें. कृष्णाकांठच्या रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी हे १८६६ सालीं जन्मले. ब्राह्मण घराणें, वतनाचें गांव, हातांत दौत-लेखणी. हें सर्व टाकून ते तमाशाच्या फडांत उतरले आणि पठ्ठे बापूराव ह्या नांवानें महाराष्ट्रभर गाजले. त्यांच्या फडांतील पवळा ही संगमनेराकडील हिवरगांवची, महार जातींतील कलावंतीण. तमाशाच्या बोर्डावर स्त्रीनें उभें राहण्याच्या इतिहासांत तिचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. बापूरावांचें कवन व पवळेचा गळा ह्यांची जोडी गांवोगांव आणि मुंबईच्या थिएटरांत प्रसिद्ध झाली. ह्या दोघांचा संबंध कवि व गायिकेचा होता कीं स्त्रीपुरुषांचा होता, ह्याविषयीं लोकांनीं पुष्कळ कथा रचल्या आहेत. त्यांतून एक गोष्ट निर्विवाद उरते. अस्पृश्यता पाळणाऱ्या समाजांत कुळकर्ण्याचा मुलगा व महाराची मुलगी ज्या एका जागीं वर्षानुवर्षें एकत्र राहूं शकलीं ती जागा म्हणजे फडाची वाट. गांवांत त्यांस एक ओसरी मिळाली नसती. सडकेवर, बैलगाडींत व कनातींत तीं एकत्र राहिलीं.

पण वाट जें देते तें तिच्यापुरतेंच देते. पुढें दोघांची ताटातूट झाली. बापूरावांची अखेरचीं वर्षें विपन्नावस्थेंत गेलीं आणि १९४५ सालीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. परत जावयास वतनाचें घर राहिलें नव्हतें, आणि वाटेवर चालण्याचें बळही राहिलें नव्हतें. बाणाईप्रमाणें त्यांसही अर्ध्या वाटेवरच थांबावें लागलें.

दुसरें उदाहरण ‘उपरा’ ह्या आत्मवृत्ताचें. फलटणकडील कैकाडी कुटुंबांत जन्मलेले लक्ष्मण माने ह्यांचें हें पुस्तक १९८० सालीं प्रसिद्ध झालें व १९८१ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यास मिळाला. गाढवाच्या पाठीवरील बालपण, पालावरचें जिणें आणि त्यांतून घेतलेलें शिक्षण ह्यांबरोबर, जातीबाहेरील मुलीशीं केलेल्या विवाहाची व त्यापायीं दोन्हीकडून सोसलेल्या त्रासाची हकीकत त्यांत आहे. इतिहासाच्या दृष्टीनें ह्या पुस्तकाचें महत्त्व असें कीं, पंचायतीच्या अधिकाराचें वर्णन येथें प्रथमच बाहेरचा प्रवासी अथवा अधिकारी करीत नसून, ज्यानें तो अंगावर घेतला तो करतो. लग्न करणारा सुशिक्षित झाला, नोकरी-चळवळींत शिरला, तरी त्याचे आईबाप पालावरच राहतात व दंड त्यांच्याकडून मागितला जातो. वाट सोडणाऱ्याची किंमत वाटेवर राहिलेल्यांस द्यावी लागते.

महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ सालीं संमत होऊन २०१७ पासून अंमलांत आला आहे. जातपंचायतीनें कोणास वाळीत टाकणें हा आतां गुन्हा आहे. पंचायतीचा जाच त्यानें कमी व्हावा हें योग्यच. परंतु पंचायत जें दुसरें काम करीत असे, म्हणजे विखुरलेल्या माणसांस एकत्र आणून त्यांच्या संसारास साक्ष राहणें, तें काम कोण करणार, ह्याचा विचार कायद्याच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. तो समाजासच करावा लागेल.

९

एकूण विवेचनाचा निष्कर्ष असा. मार्गस्थ लोकांस जोडीदार मिळण्यास तीन गोष्टी लागत : भेटीची तिथि, कामाची पारख व साक्षीदार. धनगरांनीं ह्या तिन्ही नात्यांत शोधल्या, लमाणांनीं पावसाळ्याच्या तळावर, लहान टोळ्यांनीं यात्रांत. जेथें ह्या तीन गोष्टी जुळल्या तेथें संसार स्थायिकांइतकेच टिकले; जेथें माणूस दुसऱ्या वाटेवरचें निवडिलें गेलें तेथें दुःख झालें. हें दुःख मात्र वाटेचें नव्हे. वाटेच्या दोन्ही बाजूंस असलेल्या कुंपणांचें आहे.

स्थायिक समाजानें ह्या लोकांस परके मानलें, पण त्याच्या स्वतःच्या भाषेची साक्ष निराळी आहे. संसार हा शब्द ‘सरणें’, म्हणजे पुढें जाणें, ह्या अर्थाच्या धातूपासून झाला आहे. सहचर म्हणजे बरोबर चालणारा. आपल्या विवाहविधींत अग्नीपाशीं जें पक्कें होतें तें सात पावलें बरोबर टाकून. पुण्यांतील वाड्यांत लागलेलें लग्नही सात पावलांपुरतें तरी मार्गस्थांचेंच लग्न असतें.

दिवाळीनंतर पुण्याच्या आसपासच्या मोकळ्या शेतांतून अजूनही मेंढरांचे वाडे उतरतात. शेतें उणीं होत आहेत, सडका रुंद होत आहेत, आणि कात्रजचा डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून मोटारी क्षणांत पलीकडे जातात. परंतु एखाद्या सकाळीं सडकेच्या कडेनें घोडें धरून चाललेली धनगरीण दिसते. पाठीवर मूल, घोड्यावर चूल व कोंकरूं. तिचा नवरा आडरानांत मेंढरांमागें असतो. सायंकाळीं त्यांची कोठें गांठ पडावयाची तें दोघांस ठाऊक असतें. त्यांच्या ह्या ठरलेल्या मुक्कामास इतिहासांत जागा मिळावी, येवढ्याचसाठीं हा प्रपंच.